यापा मागायला शिकले तेव्हा

बोलिव्हियातल्या सुक्रे शहराच्या मध्यवर्ती बाजारात रसवाल्या बायका एका ओळीत बसतात. पुढ्यात पपई, अननस, केळी, संत्री यांची रास, हाताशी मिक्सर, बाजूला विसळून पालथे घातलेले काचेचे उंच पेले. पहिल्या दिवशी सात बोलिव्हियानो देऊन मी पपईचा रस घेतला, प्यायले, ‘ग्रासियास’ म्हटलं आणि बाकावरून उठले. शेजारी शाळेच्या गणवेशातली एक मुलगी बसली होती. तिनं पेला रिकामा केला आणि काही न बोलता पुढे धरला. बाईंनी मिक्सरच्या भांड्यात उरलेला रस त्यात ओतला. जवळजवळ अर्धा पेला भरला. त्याचे पैसे नाहीत.

याला यापा म्हणतात. शब्द मूळचा केचुआ भाषेतला, म्हणजे आँडीज पर्वतातल्या मूळ लोकांच्या भाषेतला. आपल्याकडे भाजीवाली तोलून झाल्यावर वर चार मिरच्या टाकते, दूधवाला मापानंतर वरची धार सोडतो, तसंच हे. मापाच्या बाहेरचं, पण हक्काचं. मात्र तो आपण मागायचा असतो आणि मागायला थांबावं लागतं. बाजारात येणारे परदेशी पाहुणे बहुतेक पहिल्या पेल्यावर उठतात, कारण दुपारी त्यांना आणखी कुठेतरी पोचायचं असतं. मीही त्या दिवशी माझा अर्धा पेला भांड्यातच ठेवून आले.

तोवर आम्हाला निघून सात आठवडे झाले होते.

ही २०१८ सालची गोष्ट. मी पतसंस्थेतून निवृत्त झाले होते आणि हे एसटीच्या विभागीय कार्यशाळेतून. मुलगी ह्यूस्टनला असते, तिच्याकडे जायचं म्हणून अमेरिकेचा व्हिसा काढलेला होता. तो पासपोर्टवर असला की भारतीयांना पेरूसाठी वेगळा व्हिसा लागत नाही, हे जावयांनी शोधून काढलं, आणि ह्यूस्टनहून लिमाला थेट विमान जातं हेही. ह्यांच्या मनात कित्येक वर्षं आँडीजचे घाटरस्ते होते. माझ्या मनात होती जुनी गावं, दगडी चौक आणि कौलारू घरं. बोलिव्हियाचा व्हिसा मात्र वेगळा काढावा लागतो. तो पुढे पेरूतल्या कुस्कोत, तिथल्या वकिलातीतून घेतला. त्यासाठी पिवळ्या तापाची लस घेतल्याचं कार्ड लागतं. ती लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते, म्हणून मुंबईत टोचून घेऊनच निघालो होतो.

पैशांचा हिशेब मी आधीच बांधून घेतला होता. विमानाची तिकिटं सोडून दोघांचे मिळून दिवसाला २,२०० रुपये, बसभाड्यासकट. त्या वेळी पेरूचा एक सोल वीस-एकवीस रुपयांना पडायचा आणि बोलिव्हियाचा एक बोलिव्हियानो साधारण दहा रुपयांना. या पैशांत रोज नवं गाव आणि रोज नवं हॉटेल जमलं नसतं. एका गावात दोन-तीन आठवडे राहायचं, आठवड्याच्या किंवा महिन्याच्या भाड्यानं खोली घ्यायची, एक वेळ स्वतः रांधायचं आणि दुपारचं बाजारात जेवायचं, एवढं केलं की खर्च निम्म्यावर येतो. संथ प्रवासाला आमची सुरुवात अशी पैशांपोटी झाली, हे सांगायलाच हवं. त्यातून पुढे जे मिळालं त्याची तेव्हा कल्पना नव्हती.

गावांचा क्रम उंचीवरून ठरवला. लिमा समुद्राकाठी, आरेकिपा २,३३५ मीटरवर, कुस्को ३,४००, बोलिव्हियातलं पोतोसी चार हजारांच्या वर, आणि शेवटी २,८०० मीटरवर उतरून सुक्रे. पुष्कळ लोक लिमाहून विमानानं थेट कुस्कोला जातात आणि पहिले दोन दिवस डोकं धरून पडून राहतात. उंचीच्या या त्रासाला तिकडे सोरोचे म्हणतात. आमच्या वयाला तो धोका पत्करायचा नव्हता. आरेकिपात अठरा दिवस काढून मग वर चढलो, म्हणून कुस्कोत पहिल्याच संध्याकाळी चौकापर्यंत चालत जाता आलं. चाळिशीच्या पुढच्या कुणालाही मी हाच क्रम सांगेन.

लिमात चार दिवस होतो. शहर मोठं आहे, महाग आहे, आम्हाला घाई नव्हती पण तिथे राहायचंही नव्हतं. तिथून आरेकिपाची बस सोळा तासांची. उजव्या हाताला पॅसिफिक, डाव्या हाताला कोरडं वाळवंट, मैलोन्‌मैल एक झाड नाही. गाडी दुमजली, पाठ बरीच मागे जाणारी आसनं, त्याला ‘सेमी कामा’ म्हणतात. ह्यांनी उतरल्यावर आधी टायर बघितले.

आरेकिपात पहिला फटका बसला. फोटो बघून एका खोलीचे आठवड्याचे पैसे आगाऊ भरले होते. खोलीला खिडकी नव्हती आणि भिंतीला ओल होती. पैसे परत मिळाले नाहीत. दोन रात्री काढल्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दोघं गल्ल्यांतून फिरायला लागलो. दारांवर, दुकानांच्या काचांवर हातानं लिहिलेले कागद चिकटवलेले असतात: ‘से आल्किला क्वार्तो’, खोली भाड्यानं देणे आहे. तिसऱ्या घरी खोली मिळाली. गच्चीवर, गॅसची शेगडी असलेली, समोर मिस्ती ज्वालामुखी. त्यानंतर आम्ही कुठेही आगाऊ पैसे भरले नाहीत. पहिल्या दोन रात्री साधं हॉस्टेल, मग पायी हिंडून खोली, हाच नियम.

आरेकिपा पांढरं दिसतं ते सिल्यार नावाच्या दगडामुळे. हा ज्वालामुखीच्या राखेचा दगड, हलका आणि मऊ. त्यामुळे चर्चच्या दर्शनी भिंतींवर पानंफुलं आणि मुखवटे इतके दाट कोरता आले आहेत की मोकळी जागा सापडत नाही. पण मला सगळ्यांत जास्त आठवतं ते सांता कातालिना मठातलं धुणं धुण्याचं आवार. मठ १५७९ सालचा. भिंतींच्या आत एक अख्खं गावच आहे, गल्ल्यांना तोलेदो, सेव्हिया, ग्रानादा अशी स्पेनमधल्या शहरांची नावं. सुमारे चारशे वर्षं बाहेरच्या माणसाला आत प्रवेश नव्हता, तो १९७० साली खुला झाला. आत चालत गेलं की एका उताराच्या अंगणात मधून दगडी पाट काढलेला दिसतो. पाटाच्या दोन्ही बाजूंना मोठाले मातीचे रांजण, उभे अर्धे कापून आडवे टाकलेले. पाटातलं पाणी हातानं अडवलं की ते बाजूच्या खाचेतून त्या-त्या रांजणात वळतं. रांजण भरला की हात काढायचा, पाणी पुढच्या बाईकडे. मी तिथे अर्धा तास बसले होते. लहानपणी मळ्यात पाटाला बारे देताना आजी मातीचा ढेकूळ टाकून पाणी वळवायची, तीच कृती. तिकीट चाळीस सोल होतं, आमच्या हिशेबाला जड, पण सकाळी आत गेलो ते बंद व्हायच्या वेळेला बाहेर आलो, म्हणून ते वसूल झालं.

आरेकिपातच दुपारच्या जेवणाची रीत कळली. पेरूत त्याला ‘मेनू’ म्हणतात, बोलिव्हियात ‘अल्मुएर्सो’. ठरलेल्या पैशांत आधी सूप, मग मुख्य ताट, सोबत गोड पाणी किंवा सरबत. तेव्हा सात-आठ सोलमध्ये पोट भरायचं. अडचण एवढीच होती की हे माळकरी. ‘सिन कार्ने’, मांसाशिवाय, म्हटलं की बाई मांसाचा तुकडा बाजूला काढून तेच सूप पुढे ठेवते. पाणीही हाडांचं नको, हे सांगायला मला वेगळं वाक्य शिकावं लागलं. जिथे ते शक्य नसे तिथे भात, तळलेलं अंडं, मक्याचं कणीस आणि बटाटा. माळेमुळे अंडं ह्यांना चालत नाही, ते माझ्या ताटात आणि माझा बटाटा त्यांच्या ताटात.

कुस्कोला मे महिन्याच्या मध्यावर पोचलो तेव्हा पेरूचा संघ ३६ वर्षांनी फुटबॉलच्या विश्वचषकात खेळणार होता, आणि भाजीवाल्या आजीबाईंपासून ट्रॅफिक पोलिसापर्यंत सगळ्यांच्या अंगावर लाल तिरप्या पट्ट्याचा पांढरा शर्ट होता. माचू पिक्चू पाहिलं. त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे, मी वेगळं काही सांगू शकणार नाही. मला सांगायचं आहे ते कुस्कोच्या भिंतींबद्दल आणि पालख्यांबद्दल.

गावातल्या निम्म्या गल्ल्यांत खालचे सात-आठ फूट इंकांचे, म्हणजे स्पॅनिश लोकांआधीच्या इथल्या राज्यकर्त्यांचे, आणि वरचं घर स्पॅनिश. खालचा दगड चुन्याशिवाय बसवलेला, सांध्यात सुई जाणार नाही असा. इंकांच्या सूर्यमंदिरावर, कोरिकांचावर, स्पॅनिश लोकांनी सांतो दोमिंगोचा मठ बांधला. २१ मे १९५० च्या भूकंपात मठाची पडझड झाली आणि आतल्या इंका भिंती उघड्या पडल्या, त्या उभ्याच होत्या. भिंती आतल्या बाजूला किंचित कललेल्या आणि दारं खाली रुंद, वर अरुंद. हादऱ्यात टिकण्याचं बळ त्यातच आहे. हे रोज सकाळी दुधाची पिशवी आणायला जाताना त्याच गल्लीनं जात. दहाव्या दिवशी म्हणाले, ‘‘अगं, आज कोवळ्या उन्हात बघ. दुपारी हे दगड सपाट दिसतात, सकाळी प्रत्येकाचं पोट पुढे आलेलं दिसतं.’’ खरंच तसं होतं. दगडाच्या कडा आत दाबलेल्या आणि मधला भाग फुगीर आहे, आणि तिरपं ऊन पडलं तरच ते डोळ्यात भरतं.

आम्ही मुक्काम दोन दिवसांनी वाढवला तो कॉर्पस क्रिस्तीसाठी. त्या वर्षी तो सण ३१ मे रोजी, गुरुवारी होता. आदल्या दिवशी कुस्कोच्या वेगवेगळ्या चर्चमधून संतांच्या आणि मरियमच्या पंधरा मूर्ती खांद्यावरून निघतात. सान हेरोनिमो आणि सान सेबास्तियान या बाहेरच्या वस्त्यांतल्या मूर्ती तर काही मैल चालत येतात. दुसऱ्या दिवशी चौकाला प्रदक्षिणा होते आणि मग सगळ्या मूर्ती आठवडाभर कॅथेड्रलमध्ये एकत्र मुक्काम करतात. रात्री दारं बंद झाली की संत एकमेकांशी बोलतात, असं गावातले लोक म्हणतात. स्पॅनिश लोक येण्याआधी याच चौकात इंका आपल्या पूर्वजांचे जतन केलेले देह पालखीत बसवून आणत असत. मूर्ती बदलल्या, पण खांदे देण्याची रीत राहिली.

ह्यांनी बारा वर्षं आळंदी ते पंढरपूर वारी केली आहे. एका मूर्तीखाली वीसेक माणसं होती, जड लाकडी दांड्यांनी खांद्याचं कातडं सोललेलं, आणि दमलेल्या गड्याला बदली देताना दुसरा आधी दांड्याला हात लावून कपाळाला लावत होता. ह्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि मूर्ती पुढे जाईपर्यंत हात जोडून उभे राहिले. शेजारच्या एका आजोबांनी ते पाहिलं, स्वतः बसलेली लहानशी घडवंची ह्यांच्याकडे सरकवली आणि दुपारभर आम्ही तिघं आळीपाळीनं तिच्यावर बसलो.

पुढे तितिकाका सरोवरावरून, ला पाझमध्ये तीन दिवस थांबून, पोतोसीला. पोतोसी चार हजार मीटरच्या वर आहे, आणि तिथली थंडी जूनमध्ये हाडांत शिरते. गावाच्या डोक्यावर सेरो रिको, श्रीमंत डोंगर, लालसर आणि त्रिकोणी. १५४५ साली त्यात चांदी सापडली आणि काही दशकांत इथे दीड लाखावर वस्ती झाली. ती चांदी काढायला स्पेनचा इथला व्हाइसरॉय तोलेदो यानं १५७० च्या दशकात मिता ही वेठबिगारी लावली. ठरावीक प्रांतांतल्या प्रत्येक गावानं आपल्या कर्त्या पुरुषांपैकी सातवा हिस्सा दर वर्षी खाणीवर पाठवायचा. पुष्कळजण परतले नाहीत. डोंगरात आजही सहकारी संस्थांचे खाणकामगार उतरतात, आणि पर्यटकांना पैसे घेऊन आत नेतात. आम्ही गेलो नाही. ह्यांचा श्वास तिथे जिना चढतानाही फुलत होता, हे एक कारण. दुसरं असं, की कुणी गुडघ्यावर रांगत, धूळ गिळत पोट भरत असताना तिकीट काढून बघायला जाणं माझ्या मनाला पटेना.

टांकसाळ मात्र तीनदा पाहिली. कासा दे ला मोनेदाची आजची इमारत १७५९ ते १७७३ मध्ये बांधली, किल्ल्यासारखी जाड. वरच्या मजल्यावर चांदीच्या लगडी दाबून पत्रा करणारी लाकडी यंत्रं अजून जागेवर आहेत, पुरुषभर उंचीची दातेरी चाकं. त्यांचा खांब जमिनीतून खालच्या मजल्यावर जातो आणि तिथे खेचरं गोल फिरत तो फिरवत असत. खाली उजेड नाही, छत बुटकं. वर चांदी आणि खाली अंधारात जनावरांची वाट, दोन्हींच्या मध्ये फक्त एक लाकडी तक्तपोशी. ह्यांनी एसटीत गिअरबॉक्स उघडण्यात आयुष्य घालवलं. ते चाकापाशी वाकून बराच वेळ बघत राहिले. ‘‘दाता एकेक वेगळा ठोकून बसवलाय. मोडला तर तेवढाच बदलायचा, चाकाला धक्का नाही.’’ आमच्याबरोबरच्या मार्गदर्शक बाई थांबल्या, मी मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये ते वाक्य सांगितलं, आणि त्यांनी पुढच्या गटाला ते तसंच सांगितलेलं मी ऐकलं.

इथे पाडलेली स्पेनची आठ रियालची चांदीची नाणी जगभर चालली. ती चांदी स्पेनमार्गे आणि फिलिपाइन्समधल्या मनिलामार्गे आशियात आली. परदेशातून आलेली चांदी सुरतेच्या टांकसाळीत वितळवून मुघलांचे रुपये पाडले जात. महाराजांनी १६६४ मध्ये सुरत लुटली तेव्हा राजगडाकडे आलेल्या नाण्यांत या डोंगराची चांदी असेल का, हा विचार मला त्या तक्तपोशीवर उभं असताना आला आणि अजून गेलेला नाही.

पोतोसी ते सुक्रे एकशे साठ किलोमीटर, तीन तास, तेव्हा माणशी वीस बोलिव्हियानो. तिकिटाखेरीज बसस्थानक वापरल्याचे एक-दोन नाण्यांचे वेगळे पैसे भरून चिठ्ठी घ्यावी लागते, नाहीतर गाडीत चढताना परत पाठवतात. आमचे तीन तासांचे नऊ तास झाले. निम्म्या वाटेवर बस थांबली. पुढे रस्त्यावर दगड, टायर आणि आडवे टाकलेले ओंडके होते. बोलिव्हियात याला ब्लोकेओ म्हणतात. आपला रास्ता रोकोच. गावकऱ्यांच्या मागण्या मान्य होईपर्यंत गाडी हलणार नाही, हे सगळ्यांनी निमूट मान्य केलं. कुणी आरडाओरडा केला नाही. बायकांनी गाठोडी पाठीवरच्या रंगीत चौकोनी वस्त्रात बांधली आणि चालू लागल्या. अडथळ्याच्या पलीकडे दुसऱ्या बाजूला अडकलेल्या गाड्या असतात, चालत जाऊन त्यात बसायचं, याला त्रान्सबोर्दो म्हणतात. आमच्या दोन पिशव्या आणि तीन किलोमीटरचा चढ. दर दोनशे पावलांवर थांबावं लागत होतं. आंदोलनाला बसलेल्या एका बाईंनी ह्यांना हात करून बोलावलं, शेकोटीजवळ बसवलं आणि कोकाच्या पानांचा गरम चहा दिला. त्यांनी आमचा रस्ता अडवला होता आणि त्यांनीच आमचा श्वास परत आणला.

सुक्रेत उतरलो तेव्हा पहिल्यांदा पुरेशी हवा मिळाल्यासारखं वाटलं. गाव पांढऱ्या भिंतींचं आणि लाल कौलांचं. विद्यापीठ १६२४ सालचं. चौकातल्या कासा दे ला लिबेर्तादमध्ये ६ ऑगस्ट १८२५ रोजी बोलिव्हियाच्या स्वातंत्र्याची घोषणा झाली. सरकारचा कारभार आता ला पाझहून चालतो, पण राज्यघटनेप्रमाणे राजधानी सुक्रेच. त्या इमारतीत हुआना आसुर्दुइचे अवशेष आहेत. घोड्यावर बसून स्पॅनिश फौजांशी लढलेली ही बाई. लढाईच्या वर्षांत तिची चार मुलं गेली, नवरा गेला, आणि १८६२ मध्ये ती स्वतः दारिद्र्यात वारली. ज्या देशासाठी लढली तो तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. मी तिथे दोनदा गेले. दुसऱ्या वेळी एका वर्गाची सहल आली होती आणि मुली तिच्या नावाचा उच्चार मोठ्यानं, एका सुरात करत होत्या.

खोली शोधायला निघालो तेव्हा भिंतींवरच्या कागदांत एक नवा शब्द दिसायला लागला: ‘अंतिक्रेतिको’. पतसंस्थेत सत्तावीस वर्षं काढल्यामुळे मी तो सोडला नाही. यात भाडेकरू घरमालकाला एक मोठी रक्कम एकदम देतो, वर्ष-दोन वर्षं बिनभाड्यानं राहतो आणि निघताना पूर्ण रक्कम परत घेतो. मुंबईत हेवी डिपॉझिटवर घरं देतात तीच पद्धत, फक्त इथे तिला कायद्यात जागा आहे आणि ती रीतसर नोंदवायची असते. बँकेचं कर्ज महाग असताना मालकाला भांडवल मिळतं आणि भाडेकरूचे पैसे झिजत नाहीत. आम्हाला महिन्याचीच खोली हवी होती. ती मिळाली १,४०० बोलिव्हियानोला, मधोमध चौक आणि चारी बाजूंना ओसरी असलेल्या जुन्या घरात. आपल्या वाड्याचा माणूस त्या घरात चुकणार नाही.

घरमालकीणबाई सत्तरीच्या. त्यांना सगळे ‘दोन्या’ म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. मी रोज दोन तास एका शिक्षिकेकडे स्पॅनिश शिकायला जायचे. सुक्रेत ही शिकवणी स्वस्त आहे आणि तिथली बोली सावकाश. मी सगळी वही देवनागरीत लिहिली. स्पॅनिशमधला त आपल्या त सारखा आणि द आपल्या द सारखा, दातांना जीभ लावून. र खणखणीत. जे लिहिलं ते म्हणायचं. वर्गातल्या अमेरिकन मुलांना त्या त साठी आठवडा लागला, माझा पहिल्या दिवशी आला. शिक्षिका मला बाजारात पाठवायच्या आणि परत आल्यावर कुणाशी काय बोलले ते विचारायच्या.

तिथेच कळलं की विकणारी आणि घेणारी दोघी एकमेकींना ‘कासेरिता’ म्हणतात. नेहमीचं गिऱ्हाईक आणि नेहमीची भाजीवाली, दोन्हींना एकच शब्द. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत मी कुणाचीच कासेरिता नव्हते. रसवाल्या बाईंकडे मी रोज अकरा वाजता जायचे, एकाच बाकावर बसायचे. आठव्या दिवशी पेला रिकामा केला, पुढे धरला आणि म्हटलं, ‘‘यापिता, कासेरिता.’’ त्यांनी वर पाहिलं. भांडं उपडं केलं, शेवटचा थेंब झटकला, मग ओल्या हातानं माझा दंड थोपटला. त्या दिवसानंतर बटाटेवालीनंही वर दोन बटाटे टाकायला सुरुवात केली. तिचा गाळा रसवाल्या बाईंच्या समोरच होता.

त्या गाळ्यावर बटाट्यांचे किती प्रकार होते ते मी मोजले नाहीत. जांभळे, गाठीगाठींचे, बोटाएवढे, आतून पिवळेधमक. बटाट्याचं मूळ घर हीच डोंगरपठारं. एका पोत्यात काळे, हलके, खड्यासारखे गोळे होते, चुन्यो. जून-जुलैत पठारावर रात्री बर्फासारखी थंडी आणि दिवसा कडक ऊन. बटाटे रात्रभर बाहेर पसरून गोठवायचे, सकाळी पायानं तुडवून पाणी काढायचं, पुन्हा वाळवायचे. असं केलेला बटाटा वर्षानुवर्षं टिकतो. हे त्यांचं वाळवण. आपण उन्हाळ्याच्या भरवशावर घालतो, ते थंडीच्या.

आणि शेंगदाणा. तोही इथलाच, दक्षिण बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिनातला. सोपा दे मानी, म्हणजे दाण्याचं सूप, हे सुक्रेत घरोघरी होतं. दोन्यांनी ह्यांच्यासाठी ते हाडांशिवाय केलं. आपण आमटीला दाणे भाजतो, त्या कच्चेच सोलून वाटतात, म्हणून रंग दुधासारखा येतो आणि चव मऊ. वर अजमोद्यासारखा पाला आणि तळलेल्या बटाट्याच्या काड्या. वाटायला चौकात एक मोठा सपाट दगड होता, बातान, आणि त्यावर अर्धचंद्रासारखा दुसरा. मी सवयीनं वरवंट्यासारखा पुढे-मागे ओढायला गेले. दोन्यांनी माझे हात धरून शिकवलं: ओढायचा नाही, डावी-उजवीकडे झुलवायचा. दगडाचं वजन आपलं काम करतं.

शेवटच्या आठवड्यात मी त्याच बातानवर दाण्याची चटणी केली. भाजलेले दाणे, लसूण, जिरं, तिथल्या वाळलेल्या लाल आहीची, म्हणजे मिरचीची, पूड, मीठ. डावी-उजवीकडे झुलवत. तेल सुटेपर्यंत वाटली. थोडी दोन्यांना दिली, थोडी शिक्षिकेला, आणि एक लहान बरणी घेऊन १३ जुलैला अकरा वाजता बाजारात गेले. दुसऱ्या दिवशी आमचं विमान होतं.

रस प्याले, यापा घेतला आणि बरणीतला एक चमचा एका पावावर ठेवून बाईंपुढे केला. त्यांनी वास घेतला, जिभेला लावला, डोळे मोठे केले. शेजारच्या रसवालीला एक घास दिला. बटाटेवाली गाळ्यावरून उठून आली, तिलाही दिला. पाव संपला. मग बाईंनी बोटं पदराला पुसली, रिकामा तळहात माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, ‘‘यापिता, कासेरिता?’’

मी बरणीचं झाकण पुन्हा उघडलं.